दोन बोटं माया

श्वास आत ओढून माप देऊ नकोस, दुर्वा.
सोड. पूर्ण सोड.
रोखलेल्या श्वासावर शिवलेला ब्लाउज
पहिल्याच गिरकीला काखेत उसवतो,
आणि गॅदरिंगला पहिल्या रांगेत तुझे बाबा असणार,
ट्रॉलर जेटीला लावून, दोनदा अंघोळ करून,
तरी कॉलरला डिझेलचा वास.

टेप लावू की तुझा फोन थांबवू?
घे, बघून घे.
टाचण्या तोंडात आहेत माझ्या,
तेवढ्यात काही विचारता येणार नाही मला.

कुबलांचा साईल ना?
अगो, देवगड केवढं ते!
तारामुंबरीच्या पुलावर दोन सायकली शेजारी टेकल्या
की लिलाव सुरू व्हायच्या आत
बातमी बर्फाच्या फॅक्टरीवर पोचलेली असते.

तुझी आई काल येऊन गेली.
‘शुभाक्का, गळो बंद व्हयो,
बाही कोपरापर्यंत, नि नवाक घरात.’
वहीत तसंच एका ओळीत लिहिलंय बघ:
खांदा साडेतेरा, बाही दहा, नऊला घरात.

दहा माग.
साडेनऊवर ये.
मासळी विकणाऱ्या घरची ना तू?

आणि हे बावीस रुमाल,
यांना दुमड घालून घालून बोटं सोलली माझी.
शाळा कमिटीचा ठराव म्हणे:
मुलगामुलगी जोडीने नाचतील,
पण हात धरायचा नाही, रुमालाची टोकं धरायची.
हसू नकोस. मीही हसले,
मग सुई टोचली.
वीतभर कापडातूनही कळतं गो,
समोरचा ओढतोय की सैल सोडतोय.
तेवढंच बघ.
ओढणारा असेल तर आपलं टोक सोडून दे,
अगदी स्टेजवरसुद्धा.
गाणं काही थांबत नाही त्याने.

फोटो मागितला तर द्यायचा नाही.
रुसेल. रुसू दे.
रुसव्याला ओहोटी असते,
फोटोला नसते.

माझं विचारतेस?
आमच्या नाचात मुलगे नव्हतेच.
काजळाची मिशी काढून मीच नाखवा झाले होते.
पडदा पडल्यावर, मिशी पुसायच्या आधी,
एकाने हसून पाण्याचा पेला पुढे केला.
भावाने पाहिलं.
एवढंच. पेलाभर पाणी.
दहावीचं वर्ष मी या मशीनवर काढलं.
बाबांनीच आणलं कणकवलीहून,
एस.टी.च्या टपावर बांधून.
रागाने आणलं की लाजेने,
त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
सुईत दोरा मात्र तेच ओवून द्यायचे,
डोळ्यांत मोती पिकले तरी,
जिभेने टोक ओलं करून, चारचारदा चुकून.

म्हणून आईबापांचं सगळं बरोबरच असतं
असं माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही तुला.
भ्यालेला माणूस कापड आखूड कापतो.
पण खोटं बोलूनही जाऊ नकोस.
सगळं नको सांगूस,
कुठे आहेस तेवढं सांग.
पुलावर असशील तर पुलावर.
पवनचक्क्यांच्या रस्त्याला दिवे नाहीत,
बॅटरी घेऊन कुठे यायचं
ते घरात एकाला तरी माहीत हवं.

हे आतलं बघ, शिवणीच्या मागे,
दोन बोटं कापड जास्तीचं.
याला आम्ही माया म्हणतो.
बाहेरून दिसत नाही,
आतून कधीकधी टोचते.
अंग वाढलं की उसवायची नि सैल करायची,
त्यासाठीच असते ती.
आईला बोलू नकोस,
गळ्यालाही ठेवली आहे थोडी.

चल, आता एक गिरकी घे.
फोन ठेव तो खाली.
दोन्ही हात मोकळे हवेत मला.